वॉशिंग मशीनवर 'एलई' एरर येतोय, मोटर गेली का?

नवी मुंबईच्या ऐरोलीतल्या तुमच्या एलजी फ्रंट लोड मशीनवर एलई आला म्हणजे मोटर फिरत नाहीये, एवढंच मशीन सांगतंय. मोटर जळली असा अर्थ लगेच काढू नका.

आधी प्लग काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा. निम्मे कपडे बाहेर काढा. ओली चादर किंवा जीन्स कोंबल्यावर हा एरर सर्रास येतो. मग ड्रम हाताने फिरवा. अडकत असेल तर दाराच्या रबराच्या घडीत एखादा पायमोजा किंवा रुमाल अडकलाय का बघा. सहज फिरत असेल आणि रिकाम्या मशीनवरही एरर परत आला, तर माझा पहिला संशय मोटरपाशी असलेल्या हॉल सेन्सरवर (मोटर फिरतेय का ते ओळखणारा भाग) किंवा त्याच्या वायरवर. खाडीकाठच्या दमट हवेत कनेक्टर गंजतात, आणि उंदीर वायर कुरतडतात ते वेगळंच.

सेन्सर मोटरच्या मानाने खूप स्वस्त असतो. म्हणून मेकॅनिकने थेट मोटर किंवा पीसीबी (मशीनचं सर्किट बोर्ड) बदलायला सांगितलं, तर 'आधी सेन्सर आणि वायर मीटरने तपासा' असं ठामपणे सांगा. पीसीबी मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज राहतो. जळका वास आला असेल तर मशीन पुन्हा लावूच नका.