वॉल्डन तळ्याकाठी आई-वडिलांना नेताना : तीळ समजून सोडलेली गोचीड

जूनमध्ये सांगलीहून आई-वडील येत आहेत, वडिलांचे गुडघे दुखतात, तेव्हा बॉस्टनच्या पश्चिमेला कॉन्कर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याभोवतीचा फेरा त्यांना झेपेल का, असे आपण विचारले आहे. तिकडच्या गोचिडींविषयी जे ऐकू येते ते कितपत मनावर घ्यावे, हा प्रश्न आपण शेवटच्या ओळीत जाता जाता घातला आहे. काही वर्षांपूर्वी मीही त्याला तेवढीच जागा दिली होती आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली, म्हणून हे जरा विस्ताराने लिहीत आहे. वाहनतळ भरला की प्रवेश थांबवतात, दुसऱ्या राज्यातील गाडीला शुल्क बरेच जास्त पडते, या गोष्टी आपल्याला ठाऊक असतीलच, त्यामुळे त्यांत शिरत नाही.

आधी गुडघ्यांचे. तळ्याभोवतीचा पूर्ण फेरा सुमारे १.७ मैलांचा आहे आणि नकाशावर तो अगदी सपाट वाटतो, पण तसा तो नाही. दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हिमनदी मागे हटताना बर्फाचा एक प्रचंड तुकडा वाळू-गोट्यांत गाडला गेला आणि तो वितळल्यावर जो खळगा उरला, तेच हे तळे. म्हणून ते आकाराने लहान असूनही शंभर फुटांहून खोल आहे, आणि म्हणूनच त्याचे काठही उताराचे आहेत. वाट अरुंद आहे, मध्येच पायऱ्या आणि झाडांची मुळे येतात, आणि काठाची धूप होऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी कडेने तारेचे कुंपण घातलेले आहे. अर्ध्या फेऱ्यावर गुडघा धरला तर पुढे जाणे आणि मागे फिरणे सारखेच लांब पडते. माझे स्पष्ट मत असे की पूर्ण फेऱ्याचा हट्ट धरू नये. मुख्य किनाऱ्यापासून उत्तरेच्या बाजूने अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याच्या झोपडीच्या जागेपर्यंत जावे आणि त्याच वाटेने परत यावे. तळ्याचे उत्तम दर्शन एवढ्यातच होते.

आम्हीही तेच केले होते. जूनमधला शनिवार होता. वडील निवृत्त शिक्षक. १८४५ ते १८४७ या काळात थोरो जिथे राहिला आणि जिथे त्याने गीता वाचली, ती जागा पाहण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. १८४६-४७ च्या हिवाळ्यात याच तळ्यावर बर्फ कापण्याचे काम चालले होते, बॉस्टनचा बर्फ १८३३ पासून जहाजाने कलकत्त्याला जात होता आणि पुढे मुंबईलाही पोहोचत असे, हे मी त्यांना सांगत होते आणि ते मन लावून ऐकत होते. तेवढ्या वेळात आई वाट सोडून आठ-दहा पावले आत गेली आणि पडलेल्या पाइनच्या ओंडक्यावर पाय सोडून बसली. भोवती गुडघाभर झुडपे होती आणि खाली सुकलेल्या पानांचा थर. गार वारा सुटला होता, आई समाधानात होती, आणि तिला उठवावे असे माझ्या मनातही आले नाही.

सोमवारी सकाळी आंघोळ करून आल्यावर ती म्हणाली, "इथे कधी तीळ नव्हता गं." डाव्या गुडघ्याच्या मागे, लवणीत, खसखशीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा काळा ठिपका होता. भिंगातून पाहिले तेव्हा त्याला पाय दिसले.

आईचे बालपण गोठ्यात गेले आहे. तिच्या डोळ्यांसमोरची गोचीड म्हणजे म्हशीच्या कानामागची, एरंडाच्या बीएवढी फुगलेली, बोटाने चाचपली तरी कळणारी. इकडे मे ते जुलै या दिवसांत त्रास देणारी हरणावरची गोचीड अर्धवट वाढीची आणि इतकी बारीक असते की अंगावर चढल्याचे कळतच नाही. आपल्या आईंना हा फरक आधी नीट समजावून सांगा, कारण गोचीड म्हटल्यावर त्याही म्हशीचीच शोधतील. आईने गावाकडच्या रीतीप्रमाणे तिच्यावर खोबरेल तेल लावले आणि ती आपोआप सुटण्याची वाट पाहत आम्ही अर्धा तास घालवला. ती सुटली नाही तेव्हा मी नखांनी ओढली, ती तुटली, आणि हाती आलेला तुकडा मी बेसिनमध्ये वाहून टाकला. यातले एकही पाऊल बरोबर नव्हते. तेल, रॉकेल, पेटती काडी यांपैकी काहीही लावू नये. बारीक टोकांच्या चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढावी, जागा साबणाने धुवावी आणि गोचीड लहान पिशवीत जपून ठेवावी. भुवया कोरण्याचा रुंद टोकांचा चिमटा या कामाचा नाही.

तरीही ही चूक निभावून गेली असती. खरे नुकसान झाले ते दुसरीकडे. मी डॉक्टर नाही आणि औषधाचा निर्णय त्यांनीच घ्यायचा, हे आधीच सांगते. पण लाइम रोगाच्या, म्हणजे या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराच्या, पट्ट्यात गोचीड सुमारे ३६ तास किंवा त्याहून अधिक चिकटून राहिली असेल, तर ती काढल्यापासून ७२ तासांच्या आत प्रतिजैविकाची एकच मात्रा देण्याचा विचार डॉक्टर करतात. आम्ही अगदी त्याच मुदतीत होतो. मी आईच्या प्रवास विम्याच्या मदत केंद्राला फोन केला. त्यांनी सांगितले की लेखी पूर्वमंजुरी लागेल आणि यादीतल्याच दवाखान्यात जावे लागेल. मंगळवारी दुसऱ्या व्यक्तीने तीच माहिती नव्याने लिहून घेतली. बुधवारी कळले की लक्षणे नसताना तपासणी मंजूर होत नाही, पण अर्ज वरिष्ठांकडे पाठवला आहे. गुरुवारी दुपारी मंजुरी आली तेव्हा ७२ तास उलटून गेले होते. चार दिवसांत मी सात वेळा फोन केला आणि दर वेळी पॉलिसीचा क्रमांक, आईची जन्मतारीख आणि "गोचीड म्हणजे नक्की काय" इथून सुरुवात केली. फोनवरच्या कोणाचाही स्वर उद्धट नव्हता, हे मान्य करते. पण मुदत असलेली गोष्ट आहे असे मी पुन्हा पुन्हा सांगत असताना ते एकाही माणसाने कागदावर लिहून घेतले नाही, याचा राग मला अजून आहे.

पुढच्या आठवड्यात त्याच जागी तळहाताएवढा डाग पसरला. आईच्या गव्हाळ रंगावर तो पुस्तकातल्या चित्रासारखा लाल न दिसता जांभळट दिसत होता, त्यामुळे आमचा आणखी एक दिवस शंकेत गेला. अखेर दहा दिवसांचे औषध झाले आणि ती पूर्ण बरी झाली, मात्र परतीचे तिकीट बदलावे लागले आणि धाकट्या भावाच्या घरचा गृहप्रवेश तिला गाठता आला नाही.

म्हणून माझा सल्ला, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी हे गृहीत धरून: विमा उतरवतानाच गोचीड चावल्यास काय करायचे, हे लेखी विचारून ठेवा आणि जवळचा एक दवाखाना आधीच निश्चित करा. गोचीड सापडली तर त्याच दिवशी स्वतःच्या पैशाने दाखवा, पैशांचे नंतर पाहता येते. रक्ततपासणीचा आग्रह धरू नका, कारण पहिल्या काही आठवड्यांत आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. पुढचे ३० दिवस डाग आणि ताप यांवर लक्ष ठेवा.

जाण्याच्या दिवशी दोघांनाही फिकट रंगाचा पायजमा किंवा सलवार, आणि ती मोज्यांत खोचलेली, असा वेश असू द्या; वडील कुरकुर करतील, तरी ऐकू नका. परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आणि बुटांवर मारायचे असते, अंगावर कधीही नाही. घरी येताच कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटे फिरवा, कारण नुसत्या गार पाण्याच्या धुण्याने गोचिडी मरत नाहीत. मग दोन तासांच्या आत आंघोळ आणि आरशासमोर तपासणी: गुडघ्यांच्या मागे, काखेत, कानांमागे, केसांच्या कडेला, आणि आई साडीच नेसणार असतील तर परकराच्या नाडीखाली. आई संकोचतील. ते काम आपल्या पत्नीने किंवा बहिणीने करावे.

येथे काही जणांनी आपल्याला तिकडे जाऊच नका असे सुचवले आहे. मला ते पटत नाही. वाटेच्या मधून चालले आणि झुडपांत बसणे टाळले तर धोका पुष्कळ कमी होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ते पाणी पाहणे हा मोठा आनंद आहे. बसण्यासाठी मात्र घडीच्या खुर्च्या बरोबर न्या. माझ्याकडे दोन हलक्या खुर्च्या आणि योग्य चिमटा आहे. आपण जवळपास राहत असाल तर कळवावे, आदल्या संध्याकाळी आणून देईन.