टॅम्पामधील पिवळे पडणारे लॉन: पाणी वाढवण्याआधी गवत तपासा

रोज पंधरा मिनिटे स्प्रिंकलर चालवूनही ड्राइव्हवेच्या कडेचे गवत ऑगस्टमध्ये वाळत चालले आहे, जुलैत खत घालूनही उपयोग झाला नाही, एक्झोराचे झुडूप आणि पाम यांची पानेही पिवळी दिसत आहेत आणि त्यातच वसाहतीच्या असोसिएशनचे पत्र आले आहे, असे आपण लिहिले आहे. पुण्याच्या सवयीने गवत पिवळे दिसले की हात आधी नळाकडे जातो. फ्लोरिडातील टॅम्पा शहरात मात्र जून ते सप्टेंबर हा पावसाळाच असल्यामुळे तहानेपेक्षा कीड, बुरशी आणि अतिरिक्त पाणी यांचाच संशय आधी घ्यावा.

रुंद पात्यांचे आणि जमिनीवर जाड धावत्या फांद्या सोडणारे आपले गवत बहुधा सेंट ऑगस्टीन जातीचे, त्यातही फ्लोराटॅम वाणाचे असावे. फ्लोरिडा आणि टेक्सास येथील विद्यापीठांनी 1973 मध्ये आणलेला हा वाण चिंच बग या रसशोषक किडीला दाद देत नाही म्हणून लोकप्रिय झाला. पुढे किडीने ती प्रतिकारशक्ती मोडून काढली, पण वाण मात्र घरोघरी राहिला. ही कीड भर उन्हातली, तापलेल्या सिमेंटलगतची जागा प्रथम धरते, त्यामुळे आपले वर्णन तिच्याशी नेमके जुळते.

खात्री करण्यासाठी पूर्ण वाळलेल्या गवतात शोधू नये, कारण तिथला रस संपल्यावर कीड पुढे सरकलेली असते. पिवळे आणि हिरवे जिथे मिळते त्या सीमेवर, दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा दोन-तीन इंच जमिनीत दाबून पाण्याने भरावा, पाणी जिरेल तसे आणखी घालावे आणि पाचेक मिनिटे पृष्ठभागाकडे नीट पाहत राहावे. काळे शरीर आणि पाठीवर मिटलेले पांढरे पंख असलेले बारीक किडे, किंवा पाठीवर आडवा पांढरा पट्टा असलेली नारिंगी-लाल पिल्ले तरंगू लागली, तर निदान झाले. एकदोन किडे दिसले म्हणून फवारणी करू नये. चौरस फुटाला वीस-पंचवीस भरले तरच करावी, आणि तीही त्या पट्ट्यावर व भोवतालच्या थोड्या हिरव्या गवतावर. एकाच गटातील औषध पुन्हा पुन्हा वापरल्याने बायफेन्थ्रिनसारख्या औषधांना न जुमानणारी कीड फ्लोरिडात तयार झाली आहे, म्हणून पुढच्या खेपेस वेगळ्या गटातील औषध निवडावे.

किडे सापडलेच नाहीत तर पाते हाताने ओढून पाहावे. ते बुडाशी कुजून सहज निघून आले तर लार्ज पॅच ही बुरशी समजावी, पण ती साधारण नोव्हेंबर ते मे या थंड महिन्यांतली असल्यामुळे आता तिची शक्यता कमी आहे. पात्यांवर करडे ठिपके असतील तर ती उन्हाळी बुरशी असून जास्तीच्या नत्राने (नायट्रोजनने) ती बळावते.

रोजच्या थोड्या पाण्याने मुळे वरच्या वर राहतात, हेही ध्यानात घ्यावे. पाती दुमडून निळसर-करडी दिसू लागली किंवा चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले की मगच, आपल्या पत्त्याला पाणी देण्यासाठी नेमून दिलेल्या वारी, पहाटे अर्धा ते पाऊण इंच पाणी द्यावे. तेवढे पाणी किती मिनिटांत पडते हे ट्यूनाचे रिकामे डबे लॉनवर ठेवून मोजता येते. पावसात यंत्रणा बंद ठेवणारा सेन्सर फ्लोरिडाच्या कायद्याने आवश्यक आहे, तो चालू आहे ना हेही पाहावे. कापणी साडेतीन ते चार इंचांवर करावी. कारपेटसारखे आखूड लॉन फोटोत छान दिसते, पण फ्लोराटॅमला ते सोसत नाही.

खताबाबत स्पष्टच सांगतो: टॅम्पा शहरात 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात लॉनला व बागेला नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) देण्यास बंदी आहे, कारण ते पावसाबरोबर वाहून खाडीत जाते. या काळात हिरवेपणा हवाच असेल तर लोह द्यावे. ऑक्टोबरमध्ये हळूहळू विरघळणारे खत घालताना 1000 चौरस फुटांना 1 पौंडाहून अधिक नत्र जाऊ देऊ नये, आणि माती परीक्षणाशिवाय स्फुरद मुळीच घालू नये. हे परीक्षण फ्लोरिडा विद्यापीठाच्या काउंटीतील कृषी विस्तार कार्यालयामार्फत होते.

एक्झोराची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर भिंतीच्या सिमेंटमुळे अल्कधर्मी झालेल्या मातीत त्याला लोह मिळत नाही. अशा मातीत टिकणारे ईडीडीएचए स्वरूपातील चिलेटेड लोह द्यावे. पामचे दुखणे याच्या उलट, जुन्या पानांपासून सुरू होते. त्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि टोकाला करपा म्हणजे पालाशची (पोटॅशची) उणीव, आणि ती पाने कुरूप दिसतात म्हणून माळ्याकडून छाटून घेणे हा सर्वांत मोठा अपाय, कारण नवी पालवी त्याच पानांतून पालाश ओढून घेत असते. पामला नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे 8-0-12 प्रमाण आणि 4 टक्के मॅग्नेशियम असलेले खत द्यावे, तेही बंदी उठल्यावर. लॉनचे नत्रप्रधान खत त्याच्या मुळांच्या टापूत पडले तर उणीव वाढते, म्हणून तिथल्या गवतालाही पामचेच खत घालावे.

मेलेले गवत परत येत नाही आणि सेंट ऑगस्टीनचे बी बाजारात मिळत नाही, त्यामुळे कीड आवरल्यावर तिथे गवताचे रोप-ठोकळे लावावे लागतील. ओकच्या दाट सावलीत मात्र फ्लोराटॅमचा हट्ट धरू नये, त्याला सहा तास तरी ऊन लागते. तिथे कूंटी हे स्थानिक झाड उत्तम. असोसिएशनला निदान आणि उपाय लेखी कळवावेत. फ्लोरिडा-फ्रेंडली, म्हणजे कमी पाणी आणि खत लागणाऱ्या पद्धतीची बाग करण्यास त्यांना कायद्याने मनाई करता येत नाही, तरीही आराखडा आधी मंजूर करून घेतलेला बरा.