कराटेतल्या हाय किकसाठी पाय उघडत नाही म्हणतोस ना, मग हे वाच

अरे बाबा, दोन महिन्यांत डोक्यापर्यंत किक पाहिजे ही घाई आधी सोड. मी पण तेच केलं होतं, गोव्यात मिरामार बीचवर सकाळी सकाळी थंड अंगाने सरळ स्प्लिटला बसलो आणि मांडीची आतली शीर अशी धरली की दीड महिना स्कूटरवर पाय टाकताना पण आई आठवायची.

क्लासच्या आधी १० मिनिटं दोरीउड्या किंवा जॉगिंग, मग लेग स्विंग, पुढे-मागे आणि बाजूला, प्रत्येक पायाला १०-१५, झटका न देता हळूहळू उंची वाढवत. बसून धरून ठेवायचे स्ट्रेच क्लास संपल्यावर, अंग गरम असताना, ३० सेकंद धर, २-३ वेळा. बटरफ्लायमध्ये (तळवे एकमेकांना जोडून बसायचा स्ट्रेच) गुडघे हाताने दाबू नको, उलट ५-६ सेकंद गुडघे वर ढकल आणि हाताने अडव, मग सैल सोड, पाय आपोआप थोडा खाली जातो, करून बघ.

आणि खरं सांगू, अर्ध्या लोकांचा प्रॉब्लेम स्ट्रेचचा नसतोच! मावाशी गेरी (बाजूने गोल फिरवून मारायची किक) मारताना खालच्या पायाची टाच टार्गेटकडे फिरत नाही, त्यामुळे कंबर अडकते आणि पाय कमरेच्या वर जात नाही. ओल्या वाळूत तर पाय फिरतच नाही, गुडघ्यावर लोड येतो, म्हणून किक घरातल्या लादीवरच कर. भिंत धरून एकदम स्लो किक मार, वर ३ सेकंद थांबव, ताकद नसेल तर लवचिक पाय पण वर राहत नाही.

सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तिथेच थांब, स्नायू ताणला जाणं वेगळं.