विमान वाहतूक नियंत्रणाचं तंत्रज्ञान बनवणारी कंपनी नेमकं काय करते? जळगावात बीएस्सी करणाऱ्याला त्यात वाव आहे का?

वाव आहे, पण आधी काम समजून घ्या. जळगाववरून उंच जाणारं विमान कंट्रोलरला पडद्यावर ठिपका आणि शेजारी लेबल म्हणून दिसतं: कॉलसाइन (रेडिओवर विमानाला ज्या नावाने हाक मारतात ते), वेग आणि, समजा, ३५० हा आकडा. म्हणजे उंची ३५,००० फूट, शेवटची दोन शून्यं गाळलेली. ही माहिती रडार आणि एडीएस-बीमधून येते. एडीएस-बीत विमान आपली जागा साधारण सेकंदाला दोनदा स्वतःच कळवत असतं.

थालेस, इंद्रा यांसारख्या कंपन्या यातून एकच चित्र उभं करणारं सॉफ्टवेअर बनवतात. खरा कस लागतो तो पुढचं ओळखण्यात. दोन विमानं फार जवळ येणार असतील तर आगाऊ इशारा द्यायचा. तो उशिरा आला तर उपयोग नाही, आणि उगाच वाजत राहिला तर कंट्रोलरचं त्याकडे लक्ष जात नाही. हा मेळ साधणारं संशोधन मला या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडची इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ प्रणालीही जरूर अभ्यासा. ती जीपीएसमधली चूक दुरुस्त करून उपग्रहामार्फत विमानाला कळवते. धावपट्टीपाशी महागडी उपकरणं न बसवताही अचूक उतरता येतं, म्हणून लहान विमानतळांना तिचा फायदा मोठा.

बीएस्सीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही ठेवा, विमानतळ प्राधिकरणाच्या एटीसी (विमान वाहतूक नियंत्रण) ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह भरतीला ते लागतात. कंपनीत जायचं असेल तर सोबत प्रोग्रामिंग आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं करा.