‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्याय गेला कुठे?

प्रश्न : माझी मुलगी येथील विद्यापीठात विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आमच्या दांडिया बाजारातील घरी वायफाय जोडायचे म्हणजे यादीतून नाव निवडायचे आणि पासवर्ड लिहायचा, एवढेच काम असते. विद्यापीठाच्या सुरक्षित वायफायसाठी मात्र फोन ईएपी पद्धत, सीए प्रमाणपत्र, डोमेन, ओळख, निनावी ओळख असे बरेच काही विचारतो. वरच्या वर्गातील मुलांनी तिला ‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्याय निवडायला सांगितले. जुन्या फोनवर त्याने काम भागले. नव्या फोनवर तो पर्यायच दिसत नाही. शिवाय माझा कपाटात पडून असलेला लॅपटॉप मी तिला दिला, तो पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नाही. दोष कोणाचा समजायचा? (एक पालक, बडोदे)

उत्तर : दोष नव्या फोनचा नाही; वरच्या वर्गातील मुलांच्या सल्ल्याचा आहे.

घरच्या वायफायला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असतो. डब्ल्यूपीए-२ या अजूनही सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत, तो पासवर्ड ठाऊक असलेल्या माणसाने तुमचा फोन जोडला जात असतानाची देवाणघेवाण हवेतून टिपून ठेवली, तर पुढचा मजकूर त्याला उलगडता येतो. चार माणसांच्या घरात याने बिघडत नाही, पण हजारो विद्यार्थ्यांच्या आवारात एकच पासवर्ड म्हणजे तो कोणाचाच नव्हे. म्हणून तेथे ८०२.१एक्स नावाची व्यवस्था असते. तिच्यात प्रत्येकाचे खाते वेगळे आणि प्रत्येक जोडणीची किल्लीही वेगळी. भिंतीवरचे वायफायचे यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ते तुमची विनंती संगणक केंद्रातील रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे खाती पारखणाऱ्या संगणकाकडे, पोहोचवते आणि त्याचा होकार आल्यावरच दार उघडते.

इथवर बहुतेकांना समजते. निसटते ती दुसरी बाजू, की सर्व्हर जशी तुमची ओळख विचारतो तशी त्याची ओळख तुम्हीही विचारायची असते. वायफायचे नाव ही कोणाची मालमत्ता नाही. उपाहारगृहात बसून कोणीही आपल्या लॅपटॉपवरून विद्यापीठाच्या नावाचेच वायफाय सुरू करू शकतो, आणि तुमचा फोन नाव पाहून आपणहून त्याच्याकडे जातो. आपल्या जुन्या वाड्यांत गॅसचे मीटर वाचायला आलेल्या माणसाला आजी दारातच ओळखपत्र विचारते. सीए (म्हणजे प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणपत्र आणि डोमेन हे दोन रकाने म्हणजे तीच विचारपूस. सर्व्हर प्रमाणपत्र दाखवतो आणि ते विश्वासार्ह संस्थेने दिले आहे का, त्यावर अपेक्षित नावच आहे का, हे फोन तपासतो. ही तपासणी झाल्यावरच पासवर्डाची देवाणघेवाण बंदिस्त मार्गाने सुरू होते.

तपासणी बंद केली, तर तो बंदिस्त मार्ग थेट भामट्याच्या लॅपटॉपपर्यंत जातो. हा बंदिस्त मार्ग तयार करणाऱ्या पीईएपीबरोबर पासवर्ड पारखायला एमएसचॅप-व्ही२ ही पद्धत वापरतात; तिच्यात मूळ पासवर्ड न जाता त्यावरून काढलेले उत्तर पाठवले जाते, हे खरे. पण या पद्धतीची सगळी ताकद डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीच्या एका ५६ बिटांच्या किल्लीएवढीच आहे, हे संशोधकांनी २०१२ मध्येच दाखवून दिले आहे. हाती लागलेल्या उत्तरावरून ती किल्ली शोधणे आज फार अवघड राहिलेले नाही. शिवाय हाच पासवर्ड अनेक ठिकाणी विद्यापीठाच्या ईमेलला आणि परीक्षेच्या अर्जालाही चालतो. म्हणूनच २०२० च्या अखेरीस आलेल्या सुधारणेपासून अँड्रॉइड ११ मधून तो पर्याय काढण्यात येऊ लागला, आणि माझ्या मते हे आधीच व्हायला हवे होते.

आता रकाने भरू. ईएपी पद्धत (ओळख पटवण्याची रीत) आणि फेज २ (बंदिस्त मार्गाच्या आत पासवर्ड पारखण्याची रीत) हे संगणक केंद्र सांगेल तेच निवडावे. बहुतेक ठिकाणी पीईएपी आणि एमएसचॅप-व्ही२ असते. प्रमाणपत्राच्या जागी ‘सिस्टीम प्रमाणपत्रे वापरा’ हा पर्याय, किंवा विद्यापीठाने स्वतःचे प्रमाणपत्र दिले असल्यास ते आधी फोनमध्ये घालून तेच निवडावे. डोमेनच्या रकान्यात पुष्कळ जण आपला ईमेलचा पत्ता लिहितात आणि अडतात. तेथे सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरचे नाव हवे असते, आणि ते अंदाजाने न भरता केंद्रातून विचारून घ्यावे. ‘ओळख’ म्हणजे आपले खाते. ‘निनावी ओळख’ ही त्या बंदिस्त मार्गाच्या बाहेर, उघड्यावर जाते, म्हणून केंद्राची हरकत नसल्यास तेथे खरे नाव लिहू नये. अँड्रॉइड १३ पासून काही फोनांवर ‘पहिल्या वापरात विश्वास ठेवा’ असाही पर्याय दिसतो; त्यात पहिल्याच वेळी पुढे आलेले प्रमाणपत्र नीट वाचून मगच होकार द्यावा लागतो. विद्यापीठाने तयार जुळणीची (सेटिंगची) फाइल किंवा ॲप दिले असेल, तर हे सगळे टाळून तेच वापरावे.

लॅपटॉपविषयी तुम्ही फार लिहिलेले नाही, पण ‘कपाटात पडून असलेला’ या शब्दांवरून माझा संशय त्याच्या घड्याळावर आहे. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग लॅपटॉपच्या लेखी सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते आणि तो ते नाकारतो. तारीख इंटरनेटवरून आपोआप दुरुस्त झाली असती, पण इंटरनेट मिळत नाही ते तारखेमुळेच. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार. तारीख आणि वेळ हाताने लावा, जतन केलेली जोडणी ‘विसरा’ म्हणून काढून टाका आणि पुन्हा जोडा. तरीही अडले, तर लॅपटॉप बरोबर घेऊन संगणक केंद्रात जावे.

प्रश्न : मी वसतिगृहात राहतो. माझ्या टीव्ही स्टिकवर खात्याचे नाव लिहायला जागाच नाही. खोलीत स्वतःचा राउटर लावू का? (एक विद्यार्थी, बडोदे)

उत्तर : राउटर लावू नका. तो शेजारच्या खोल्यांच्या वायफायमध्ये व्यत्यय आणतो, आणि चुकीच्या जागी तार जोडली गेली तर मजल्यावरच्या इतर यंत्रांना भलतेच पत्ते वाटत बसतो. टीव्ही स्टिक, प्रिंटर, गेमचे कन्सोल अशा बऱ्याच यंत्रांना ८०२.१एक्स कळत नाही. त्यांच्यासाठी काही विद्यापीठे वेगळे वायफाय ठेवतात आणि त्यावर यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या वायफायचा ओळख क्रमांक, आधी नोंदवून घेतात. तुमच्याकडे तशी सोय आहे का, ते केंद्रात विचारा. फोन नोंदवताना मात्र जपावे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता न सांगता एक कल्पित पत्ता सांगतो. नोंद एका पत्त्याची आणि फोन बोलतो दुसऱ्या पत्त्याने, असे झाले की दार उघडत नाही. त्या एका वायफायपुरता ‘यंत्राचा मॅक’ हा पर्याय निवडावा. बाजारातल्या आणि स्टेशनवरच्या वायफायसाठी कल्पित पत्ताच राहू द्यावा.

प्रश्न : परिषदेसाठी परगावच्या विद्यापीठात जायचे आहे. तेथे एडुरोम आहे असे कळले. आपला पासवर्ड परक्यांच्या हाती जाईल का? (एक प्राध्यापिका, बडोदे)

उत्तर : जुळणी बरोबर असेल, तर नाही. एडुरोम म्हणजे एकाच खात्यावर अनेक विद्यापीठांत चालणारे वायफाय. युरोपात सुरू झालेल्या आणि भारतात अर्नेट इंडिया या शिक्षणसंस्थांना नेटवर्क पुरवणाऱ्या संस्थेमार्फत चालणाऱ्या या व्यवस्थेत यजमान विद्यापीठ तुमच्या खात्यातील @ नंतरचा भाग पाहून विनंती तुमच्याच विद्यापीठाच्या सर्व्हरकडे पाठवते. पासवर्ड तेथेच पारखला जातो आणि यजमानाला फक्त होकार किंवा नकार कळतो. म्हणून आपली संस्था एडुरोमची सदस्य असायला हवी, आणि खाते @ सह पूर्ण लिहायला हवे. निघण्यापूर्वी आपल्याच आवारात एकदा एडुरोमला जोडून पाहा. तेथे चालले, तर त्याच जुळणीवर परगावीही चालावे. प्रवासाच्या आदल्या दिवशी पासवर्ड बदलू नका. बदलावाच लागला, तर मागे आवारात राहिलेल्या टॅब्लेटवर आणि जुन्या फोनवरही बदलून ठेवा, कारण तेथे ती यंत्रे जुन्याच पासवर्डाने पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतात, आणि चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा असेल तर तुमचे खाते परगावी असतानाच बंद पडते.