कायदा आणि आपण: भावनिक आधारासाठी पाळलेला प्राणी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार दिसतो आहे. अमेरिकेत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेल्या मुलामुलींनी आजारपणाच्या काळात कुत्रा किंवा मांजर जवळ केले आहे, तेथील डॉक्टर त्याला ‘इमोशनल सपोर्ट ॲनिमल’ म्हणतात, आणि घरमालक, वसतिगृह किंवा विमान कंपनी यांच्यापैकी कोणीतरी त्याला हरकत घेत आहे. त्यांतील तीन पत्रे आणि पुण्याहून आलेले एक पत्र येथे घेतले आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीत नोकरी करते. दोन वर्षांपासून ती नैराश्यावर उपचार घेत आहे आणि तिच्या समुपदेशक बाईंच्या सल्ल्याने तिने एक कुत्रा पाळला आहे. तिच्या इमारतीत प्राणी पाळण्यास मनाई असल्याचे करारातच लिहिलेले आहे. घरमालकाच्या कार्यालयाने ‘कुत्रा काढा किंवा घर सोडा’ असे कळवले असून, ठेवायचाच असेल तर दरमहा वेगळे भाडे मागितले आहे. करारावर तिची सही आहे, तेव्हा तिला काही हक्क उरतो का?

उत्तर: उरतो, आणि तो पुरेसा भक्कम आहे. अमेरिकेत १९६८ मध्ये ‘फेअर हाउसिंग ॲक्ट’ हा कायदा झाला आणि १९८८ च्या दुरुस्तीने त्यात अपंगत्वाच्या कारणावरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करण्यात आली. अपंगत्व या शब्दात तेथे मानसिक आजारही येतो, मात्र त्या आजारामुळे झोप, काम, एकाग्रता, लोकांत मिसळणे यांसारख्या जगण्यातील एखाद्या मुख्य गोष्टीवर ठळक मर्यादा आलेली असली पाहिजे. अशा व्यक्तीला घराचा इतरांप्रमाणे उपभोग घेता यावा म्हणून नियमात वाजवी सवलत देणे घरमालकावर बंधनकारक आहे. ‘प्राणी नकोत’ हा करारातील नियमही याच सवलतीच्या कक्षेत येतो, त्यामुळे सही केल्याने हक्क संपला असे आपण समजू नये. आधाराचा प्राणी कायद्याच्या दृष्टीने हौसेने पाळलेला प्राणी नसतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळे मासिक भाडे किंवा वेगळी अनामत मागता येत नाही. कुत्र्याने दार कुरतडले किंवा गालिचा खराब केला, तर त्या प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मात्र मुलीला करावी लागेल.

आता ज्या गोष्टीवर बहुतेक प्रकरणे अडतात त्या पत्राविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आजार डोळ्यांना दिसणारा नसेल, तर घरमालक विश्वासार्ह माहिती मागू शकतो, आणि त्याचे ते मागणे गैर नाही. मुलीवर उपचार करणाऱ्या परवानाधारक व्यक्तीने, मग ते डॉक्टर असोत, मानसोपचारतज्ज्ञ असोत किंवा परवानाधारक समुपदेशक, दोन गोष्टी लिहून द्याव्यात: तिला कायद्याच्या अर्थाने अपंगत्व आणणारा त्रास आहे, आणि या प्राण्याच्या सोबतीमुळे त्या त्रासात तिला अमुक प्रकारे मदत होते. आजाराचे सविस्तर निदान, औषधांची यादी किंवा उपचारांची फाइल मागण्याचा अधिकार घरमालकाला नाही आणि मुलीनेही ती आपणहून देऊ नये.

शंभर-दोनशे डॉलर घेऊन काही मिनिटांत ‘नोंदणी’ करून देणारी, ओळखपत्र आणि कुत्र्याच्या अंगावरचे जाकीट पाठवणारी जी संकेतस्थळे आहेत, त्यांच्या वाटेला आपण अजिबात जाऊ नये. अशा प्राण्यांची कोणतीही सरकारी नोंदवही अमेरिकेत अस्तित्वात नाही, त्यामुळे तिथली ‘नोंदणी’ ही नोंदणीच नव्हे. गृहनिर्माण विभागाने, ज्याला तेथे ‘हड’ म्हणतात, २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत असे विकत मिळणारे प्रमाणपत्र एवढ्यावरून गरज सिद्ध होत नाही असे म्हटले होते. कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२२ पासून, आधाराच्या कुत्र्यासाठी पत्र देण्यापूर्वी त्या रुग्णाशी किमान ३० दिवसांचा उपचारसंबंध असला पाहिजे, असा नियमच केला. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण विकतच्या कागदांमुळे घरमालकांचा विश्वास उडाला आहे आणि त्याची झळ आपल्या मुलीसारख्या खरोखर आजारी माणसांना बसते आहे. आपल्या मुलीचा हक्क तिच्या आजारातून आणि त्यावर चाललेल्या उपचारांतून निर्माण झाला आहे; पत्र हा त्याचा केवळ पुरावा आहे. म्हणून ते दोन वर्षे तिला ओळखणाऱ्या समुपदेशक बाईंनीच लिहावे.

हे पत्र जोडून मुलीने घरमालकाकडे लेखी, शक्यतो ईमेलने, विनंती करावी. अर्जात मूळ कायद्याचा आधार घ्यावा, कारण विभागाच्या सूचना सरकार बदलले की बदलू शकतात, कायद्याचे कलम तसे बदलत नाही. घरमालकाला नकार देता येतो तो मोजक्या कारणांवरून: हा विशिष्ट कुत्रा, त्याच्या प्रत्यक्ष वागण्यावरून, इतरांच्या सुरक्षिततेला खरा धोका असेल, त्याच्यामुळे मालमत्तेचे मोठे नुकसान होणार असेल, किंवा सवलत देणे घरमालकावर अवाजवी बोजा टाकणारे असेल. केवळ जात किंवा आकार पाहून ‘असले कुत्रे आम्ही ठेवू देत नाही’ असे म्हणणे पुरेसे नाही. एक अपवाद मात्र तपासून पाहावा. चार किंवा त्यांहून कमी घरांच्या ज्या इमारतीत मालक स्वतः राहतो, ती या केंद्रीय कायद्याच्या बहुतेक तरतुदींतून वगळलेली आहे. आपण ‘घरमालकाचे कार्यालय’ असे लिहिले आहे, त्यावरून ही मोठी इमारत असावी असे दिसते.

विनंती नाकारली गेली, तर ‘हड’कडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते आणि न्यायालयात दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. न्यू जर्सी राज्याच्या नागरी हक्क विभागाकडेही जाता येते, पण तेथील मुदत १८० दिवसांची असल्याने दिरंगाई परवडणार नाही. तोवर मुलीने नेहमीचे भाडे वेळेवर भरत राहावे. भाडे थकले की प्राण्याचा प्रश्न बाजूला पडून घर खाली करण्याचा वेगळाच दावा उभा राहतो.

प्रश्न: मी नाशिकची असून अमेरिकेत एम. एस. करते आहे आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. मला पॅनिक अटॅक येतात. मांजर जवळ ठेवण्याची परवानगी मागावी असे विद्यापीठातील समुपदेशक म्हणतात. वसतिगृहाला हा कायदा लागू होतो का? आणि हे सगळे माझ्या घरी कळवले जाईल का?

उत्तर: वसतिगृहाला हा कायदा लागू होतो की नाही, हा वाद नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी येथील शाखेच्या निमित्ताने केंद्रीय न्यायालयात गेला होता. तेथील एका विद्यार्थिनीला चिंताविकारासाठी तिचा लहानसा कुत्रा विद्यापीठाच्या निवासात ठेवू दिला नव्हता. विद्यार्थी तेथे तात्पुरते राहतात, म्हणून ते ‘घर’ नव्हे, असा विद्यापीठाचा युक्तिवाद होता. २०१३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि विद्यार्थ्यांच्या निवासालाही फेअर हाउसिंग ॲक्ट लागू असल्याचे सांगितले. पुढे २०१५ मध्ये तडजोड होऊन विद्यापीठाने दोन विद्यार्थ्यांना मिळून १ लाख ४० हजार डॉलर दिले. याशिवाय केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थांना १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ लागू आहेच.

आपण विद्यापीठाच्या दिव्यांग विद्यार्थी सेवा कार्यालयात अर्ज करा, समुपदेशकांचे पत्र जोडा आणि शक्यतो लेखी परवानगी मिळाल्यावरच मांजर आणा. खोलीत दुसरी मुलगी असेल आणि तिला मांजराच्या केसांची ॲलर्जी असेल, तर विद्यापीठाला तिचाही विचार करावा लागेल. खोली बदलून देणे हा त्यावरचा नेहमीचा मार्ग आहे. परवानगी मिळते ती राहत्या जागेपुरती. वर्ग, ग्रंथालय आणि भोजनगृहात १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याचे नियम चालतात आणि ते फक्त ‘सर्व्हिस ॲनिमल’ला, म्हणजे एखादे ठरावीक काम करण्याचे प्रशिक्षण दिलेल्या कुत्र्याला, प्रवेश देतात. मांजर त्यात बसत नाही, आणि केवळ सोबतीने धीर देणारा कुत्राही बसत नाही.

घरी कळण्याविषयी आपण जे लिहिले आहे, ते वाचून मी थोडा वेळ थांबलो. मनाच्या आजाराविषयी घरात बोलणे आपल्याकडे किती अवघड असते, याची मला जाणीव आहे. शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा तेथील १९७४ चा कायदा विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या नोंदींवरील हक्क विद्यार्थ्यालाच देतो, आणि सर्वसाधारणपणे आपल्या संमतीशिवाय हे कार्यालय आपल्या आईवडिलांना काही कळवत नाही. कधी आणि किती सांगायचे हे आपण ठरवावे. भीतीपोटी अर्जच न करणे मात्र योग्य होणार नाही.

प्रश्न: आम्ही उभयता ठाण्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे डॅलसला जाणार आहोत. आमच्या लॅब्रेडॉरशिवाय माझ्या पत्नीला करमत नाही. त्याचे ‘इमोशनल सपोर्ट’ प्रमाणपत्र इंटरनेटवर काढले, तर तो विमानात आमच्याजवळ मोफत बसू शकतो, असे आम्हाला सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर: नाही. काही वर्षांपूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. अमेरिकेच्या परिवहन विभागाने डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलला आणि ११ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. आधाराच्या प्राण्याला विशेष वागणूक देण्याचे बंधन विमान कंपन्यांवर आता राहिलेले नाही. त्या त्याला साधा पाळीव प्राणी मानू शकतात. प्रशिक्षित सर्व्हिस डॉगला, त्यात मानसिक आजारासाठी प्रशिक्षण दिलेला कुत्राही आला, प्रवासाचा हक्क कायम आहे. पण त्यासाठी कंपन्या विभागाचा ठरावीक अर्ज भरून घेतात आणि त्यात खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. आपण तसे काही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विमान कंपनीपेक्षा मोठी अडचण पुढे आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने कुत्र्यांच्या प्रवेशाचे नवे नियम लागू केले आणि भारत त्यात रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. कुत्रा किमान सहा महिन्यांचा असावा, त्याला मायक्रोचिप बसवलेली असावी आणि भारतातील लसीकरणाचे शासकीय पशुवैद्याने प्रमाणित केलेले पत्र सोबत असावे, एवढे तर लागतेच. शिवाय रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते, आणि तिचा नमुना अमेरिकेत पोहोचण्याच्या किमान २८ दिवस आधी घेतलेला असावा लागतो. तसा अहवाल नसेल तर कुत्र्याला तेथे २८ दिवस विलग ठेवतात. अशा कुत्र्याला नोंदणीकृत निगा केंद्र असलेल्या विमानतळावरच उतरवता येते. नियम लागू झाले तेव्हा अटलांटा, न्यूयॉर्कचे जेएफके, लॉस एंजेलिस, मायामी, फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनचे डलेस एवढीच अशी ठिकाणे होती. डॅलस त्यांत नव्हते. परत येताना भारताच्या पशु विलगीकरण सेवेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. एका फेरीसाठी लॅब्रेडॉरला एवढे सोसायला लावण्यापेक्षा त्याला विश्वासू नातेवाइकांकडे ठेवणे मला अधिक बरे वाटते, पण निर्णय आपला आहे.

प्रश्न: पतीच्या निधनानंतर मी पुण्यात एकटी राहते आणि मानसोपचार घेते आहे. माझी कुत्री भुंकते आणि लिफ्टमधून जाते, म्हणून सोसायटीच्या कमिटीने ती पंधरा दिवसांत हलवण्याची नोटीस दिली आहे. भाचीने मला एका अमेरिकी संकेतस्थळावरून ‘इमोशनल सपोर्ट’ प्रमाणपत्र काढून दिले आहे. ते कमिटीला दाखवू का?

उत्तर: ताई, ते दाखवू नका. भारतीय कायद्यात असा वेगळा वर्ग नाही, आणि तो कागद पुढे केल्याने आपली मूळची चांगली बाजूच दुबळी होईल. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाजवी सोयीसुविधांची कल्पना आहे, परंतु ती पुरवण्याची जबाबदारी प्रामुख्याने शासनावर असल्याने खासगी सोसायटीविरुद्ध तिच्यावर विसंबणे कठीण आहे.

आपल्याला त्या कागदाची गरजही नाही. कुत्री आपण आधारासाठी पाळली की आवड म्हणून, याने येथे फरक पडत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकणे हे बंदीचे कारण होऊ शकत नाही, आणि कुत्र्याला लिफ्टने नेल्याबद्दल शुल्क आकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशी बंदी घालणारे उपविधी बेकायदेशीर ठरवले. तो निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नसला, तरी आपल्या उत्तरात त्याचा उल्लेख जरूर करावा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे, हेही कमिटीच्या लक्षात आणून द्यावे.

आपली बाजू पक्की राहण्यासाठी महानगरपालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीकरणाचा दाखला आधी तयार ठेवा. जिन्यात किंवा आवारात कुत्रीने घाण केली, तर ती आपणच लगेच उचलावी आणि फिरवताना पट्टा हातात असावा. कुत्रीच्या बाबतीत निष्काळजीपणामुळे कोणाला इजा झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. घर आपल्या मालकीचे नसून लिव्ह अँड लायसन्सवर असेल, तर मात्र करारातील अट पाहावी लागेल, कारण घरमालकाशी केलेला करार आणि सोसायटीचा अधिकार या वेगळ्या बाबी आहेत.

नोटिशीला पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या आणि त्याच्या प्रतीवर सचिवांची पोच घ्या. उपचारांविषयी काही सांगावेसे वाटले, तर आपल्या मानसोपचारतज्ज्ञांचे दोन ओळींचे पत्र जोडा. ते कायदेशीर सक्ती म्हणून नव्हे, तर शेजाऱ्यांना आपली अडचण कळावी म्हणून. अनेकदा एवढ्यानेच प्रकरण मिटते. न मिटल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा, आणि गरज पडली तर सहकार न्यायालयात जाता येईल. उत्तराचा मसुदा तपासून हवा असल्यास नोटिशीच्या प्रतीसह या सदराकडे पाठवावा. मुदत संपण्यापूर्वी तो तपासून परत पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.