केल्टिक नाण्यावरचा ग्रीक घोडा

प्रश्न : फ्रान्समधील प्राचीन केल्ट लोकांच्या सोन्याच्या नाण्यांची छायाचित्रे पाहण्यात आली. ती ग्रीक नाण्यांची नक्कल असल्याचे खाली नमूद होते. परंतु त्यांवरचा चेहरा आणि घोडा इतके विचित्र आहेत की मूळ ओळखू येत नाही. ही खोटी नाणी होती, की कारागिरांना नक्कल साधली नाही?

उत्तर : ती खोटी नाणी नव्हेत, केल्ट टोळ्यांनी स्वतःच्या व्यवहारासाठी पाडलेली ती नाणी आहेत. मूळ नमुना मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप (इ.स.पू. 359 ते 336) याच्या सुमारे 8.6 ग्रॅम वजनाच्या सुवर्णनाण्याचा, म्हणजे ‘स्टेटर’चा. त्याच्या एका बाजूस पर्णमुकुट घातलेला अपोलो, तर दुसऱ्या बाजूस दोन घोड्यांचा रथ आणि खाली राजाचे नाव असे. ग्रीक राजांच्या पदरी भाडोत्री सैनिक म्हणून लढणाऱ्या केल्टांना वेतनापोटी अशी नाणी मिळाली आणि ती त्यांच्यामार्फत पश्चिमेकडे गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. डॅन्यूबच्या खोऱ्यातील टोळ्यांनी मात्र त्याच राजाचे झ्यूस व घोडेस्वार असलेले चांदीचे नाणे उचलले.

आरंभीच्या नकला मुळाशी बऱ्याच जुळतात. पुढे दोन घोड्यांचा एक होतो, रथ नाहीसा होऊन त्याचे एकच चाक घोड्याच्या पोटाखाली उरते आणि फिलिपच्या नावाच्या रेघोट्या होतात. (नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 साली सापडलेल्या, नहपान या क्षत्रप (शक) राजाच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरे आहेत, आणि त्याच्यानंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तीही अशीच निरर्थक होत जातात.) ब्रिटनमधील काही नाण्यांवर तर अपोलोचा चेहरा जाऊन केवळ पर्णमुकुटच उरला आहे. याचे एक कारण तांत्रिक आहे : ठसा अनेकदा सोन्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे प्रत्येक नाण्यावर चित्राचा काही भागच उमटे, आणि तेच नाणे समोर ठेवून नवा ठसा कोरणाऱ्याला उरलेला भाग दिसतच नसे. तरीही सगळा दोष नकलेवर टाकणे मला पटत नाही. पॅरिस परिसरातील पॅरिसी टोळीच्या नाण्यांवर केसांच्या जाड वळ्या आणि घोड्यावर पसरलेली जाळीसारखी नक्षी इतकी ठाशीव आहे की ती हात चुकल्याने उमटलेली नाही, हे उघड दिसते.

खोट शोधायचीच असेल, तर ती धातूत सापडते. इ.स.पूर्व पहिल्या शतकात, विशेषतः सीझरच्या स्वारीच्या काळात, सोन्यात चांदी आणि तांबे वाढत गेले, वजनही उतरले, आणि उत्तर फ्रान्समधील अँबियानी टोळीची मानली जाणारी नाणी तर एका बाजूने पूर्ण कोरीच पाडली गेली. घोडा मात्र दुसऱ्या बाजूवर कायम राहिला.